झाडतोडीला आलेली माणसे आणि आपला संशय

दिवाळी उलटली की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील नदीकाठांवर निळसर धूर दिसू लागतो. घोडनदी, भीमा आणि मुळा-मुठा यांच्या काठची पडीक जमीन, ओढ्यांच्या कडा आणि गावांची गायराने वेड्या बाभळीने व्यापलेली आहेत. ही बाभूळ तोडून तिचा कोळसा पाडण्याचे काम या दिवसांत सुरू होते. हे काम करणारी माणसे बहुधा स्थानिक नसतात. रायगड जिल्ह्यातून आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील वाड्यांतून कातकरी कुटुंबे येतात. ठेकेदाराच्या टेम्पोत भांडीकुंडी, कोंबड्या, कुत्री आणि लेकरे घालून ती येतात, बाभळीच्याच आडोशाला प्लॅस्टिकच्या कागदाचे पाल ठोकतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत जातात. त्याच सुमारास गावांत, दौंडच्या रेल्वे वसाहतीत, रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक परिसरातील घरांभोवती दोरखंड आणि कटर घेतलेल्या लहान टोळ्या फिरू लागतात. वाढलेल्या फांद्या छाटून देणे, घरावर कललेले झाड उतरवून देणे, कुंपणाला काटे तोडून देणे ही कामे त्या करतात. त्यांतील काहीजण परजिल्ह्यांतील असतात, काही परराज्यांतील, तर काही याच तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही परके मानले गेलेले पारधी असतात.

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात उभे राहिले असता या माणसांविषयी जी वाक्ये कानांवर येतात, ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. भट्टीवाले आलेत, विहिरीवरच्या मोटारी सांभाळा. झाड तोडायला आलेला माणूस झाड पाहत नाही, घर पाहतो. त्यांना नळावर येऊ देऊ नका. ही वाक्ये बोलणारी माणसे दुष्ट नाहीत. आजाऱ्यांच्या भेटीस जाणारी, उपवासकाळात दानपेटीत सढळ हाताने टाकणारी ती आपलीच माणसे आहेत. म्हणूनच हा संशय कोठून आला, तो किती खरा आहे आणि ज्यांच्यावर तो घेतला जातो त्यांचे जीवन प्रत्यक्षात कसे आहे, हे वाचकांसमोर मांडण्याचे आम्ही ठरविले.

प्रथम त्या कामाविषयी. वेडी बाभूळ हे आपल्या मातीतले झाड नव्हे. मूळ अमेरिका खंडातील हे काटेरी झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणले गेले. ओसाड जमीन झाकावी आणि गरिबाला सरपण मिळावे, हा त्यामागील हेतू होता. शेळ्या-मेंढ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि लेंड्यांवाटे बी सर्वत्र पसरते. कमी पावसाच्या तालुक्यांत तिने हां हां म्हणता रान धरले. ती वरून तोडली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते. खोडकी खणून काढावी लागते आणि तिचा काटा चपलेच्या तळातून आरपार जातो. गावचा मजूर या कामाला सहसा तयार होत नाही. शेतकऱ्याला जमीन मोकळी हवी असते, म्हणून तो ठेकेदाराला बाभूळ फुकट किंवा अल्प मोबदल्यात तोडू देतो. म्हणजे कातकरी मजूर एकाच श्रमात दोघांचे काम करीत असतो: शेतकऱ्याची जमीन मोकळी होते आणि ठेकेदाराला कोळसा मिळतो.

कोळसा पाडणे हे केवळ लाकूड जाळणे नव्हे. लाकूड जळू न देता भाजावयाचे असते. तोडलेले ओंडके काही दिवस सुकवितात, जाड-बारीक असे वेगळे करतात आणि एकमेकांना टेकून घुमटासारखे रचतात. त्यावर उसाचे पाचट किंवा गवत पसरून ओल्या मातीचा थर लिंपतात. एका तोंडातून विस्तव घालतात आणि मग अनेक दिवस आणि रात्री राखण सुरू होते. माती कोठे फाटली, तर आत हवा शिरते आणि बघता बघता सारे लाकूड राख होऊन जाते. त्यामुळे रात्री दर थोड्या वेळाने उठून धुराचा रंग पाहावा लागतो. धूर पांढरा असला की लाकडातील पाणी निघते आहे, निळसर आणि पातळ झाला की भाजणी पुरी होत आली, असे जाणते सांगतात. फट दिसली की घागरभर पाणी आणि ओंजळभर माती घेऊन त्या तापलेल्या ढिगावर चढावे लागते. ढिगाचे वरचे कवच खचले तर पाय आत जातो. हे काम नवरा-बायको मिळून करतात. तान्हे मूल पालात झोळीत असते. चार-पाच किलो लाकडामागे एक किलोच्या आसपास कोळसा हाती येतो. भट्टी निवल्यावर तो चाळून पोत्यांत भरतात. पोती पुण्या-मुंबईकडे जातात आणि हॉटेलांच्या तंदूरमध्ये, लोहारांच्या भात्यापुढे, इस्त्रीवाल्याच्या गाडीवर हा कोळसा पेटतो.

येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. कातकरी किंवा काथोडी हे नावच झाडावरून आलेले आहे. खैराच्या झाडाचा गाभा उकळून काथ काढणारे ते काथोडी. ही त्यांची विद्या होती. इंग्रज सरकारने १८७८ च्या वन कायद्यासारख्या कायद्यांनी जंगले ताब्यात घेतली, खैर तोडण्यावर निर्बंध आले आणि त्यांची विद्या हळूहळू गुन्हा ठरली. महाराष्ट्रात विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून मान्यता असलेल्या तीन जमातींपैकी कातकरी ही एक आहे. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. या गटांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र योजना जाहीर केली. तथापि सरकारी योजना घरी राहणाऱ्याला सापडते. वर्षातील सहा-सात महिने जो भट्टीवर असतो, त्याच्या दाराशी आलेला कर्मचारी कुलूप पाहून, किंबहुना कुलूप लावण्याजोगे दारही नाही हे पाहून परत जातो.

आता मजुरीचा हिशेब पाहू. पावसाळ्यात वाडीवर काम नसते, घरात दाणा नसतो. नेमक्या त्या वेळी मुकादम येतो आणि काही हजार रुपये उचल देतो. कधी आजारपणासाठी, कधी लग्नासाठी, कधी निव्वळ खावटीसाठी ही रक्कम घेतली जाते. दिवाळीनंतर त्या पैशांच्या बदल्यात कुटुंबाने भट्टीवर यावयाचे असते. मजुरी दिवसावर नसते, पोत्यांवर असते. किती पोती भरली, आठवड्याला बाजारासाठी किती दिले, दवाखान्याला किती दिले, याची वही ठेकेदाराकडे असते. हंगाम संपला की वही उघडते आणि बहुधा अजून फिटले नाही, असे सांगितले जाते. उरलेल्या रकमेपोटी पुढच्या वर्षी पुन्हा यावयाचे. सर्वच ठेकेदार असे असतात, असे आम्ही म्हणणार नाही. हिशेब चोख ठेवणारे आणि आजाऱ्याला स्वतःच्या मोटारसायकलवरून दवाखान्यात नेणारे लोकही आहेत. पण व्यवस्थाच अशी आहे की चांगुलपणा ठेकेदाराच्या मर्जीवर राहतो.

कायदा याविषयी मुग्ध नाही. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ साली संमत झाला. उचलीच्या बदल्यात माणसाला काम सोडून जाण्याची मोकळीक नाकारणे हा त्यान्वये गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि असे कर्ज कायद्यानेच संपुष्टात येते, ते फेडण्याची जबाबदारी उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात याहून पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनाहून कमी पैशांत राबविणे ही सुद्धा सक्तीची मजुरीच होय, कारण भुकेची सक्ती ही सक्तीच असते, असा त्या निकालाचा आशय आहे. या कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकारी व त्यांच्या अधिकाऱ्यांकडे सोपविलेली आहे आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असाव्यात, अशी तरतूद आहे. उसाच्या फडात कोयता घेऊन येणाऱ्या जोडप्यांविषयी वृत्तपत्रांतून निदान काही लिहिले जाते. उसाच्या तालुक्यांत त्यांची संख्या मोठी, संघटना आहेत, संप होतात. बाभळीच्या रानात विखुरलेल्या चार-चार पालांना मात्र आवाज नाही.

संशयाकडे वळू. तो आपोआप उगवलेला नाही. फिरत्या माणसावर अविश्वास ही स्थिर वस्तीची जुनी सवय असेल, पण आपल्या देशात त्या सवयीला कायद्याचे रूप दिले गेले. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागला आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. या कायद्याचे विलक्षणपण असे की, त्यात गुन्हा केल्याचा पुरावा लागत नसे. विशिष्ट जमातीत जन्म झाला, एवढे पुरे होते. नाव नोंदवावे लागे, बोटांचे ठसे द्यावे लागत, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, दुसऱ्या गावी जाण्यास परवाना लागे. सोलापूर येथे तारेच्या कुंपणाआड वसाहत होती आणि तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात. येथे आपणां ख्रिस्ती लोकांना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. काही प्रांतांत अशा वसाहती चालविण्यास मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्था पुढे आल्या होत्या. त्यांचा हेतू सुधारणेचा होता यात शंका नाही, पण ज्या कुंपणाच्या आत ती सुधारणा चालली होती, त्या कुंपणाविषयी फारसे कोणी बोलले नाही.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो संपूर्ण देशातून गेला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. योगायोग असा की, त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, १ ऑगस्ट १९५२ रोजी, पोप बारावे पायस यांनी स्थलांतरितांच्या आध्यात्मिक सेवेविषयीचा आपला प्रसिद्ध प्रेषितीय दस्तऐवज प्रसृत केला. हेरोदाच्या भयाने इजिप्तमध्ये पळून गेलेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हे सर्व स्थलांतरित कुटुंबांचा आदर्श होय, या विचाराने त्याचा आरंभ होतो. इकडे दिल्लीत फिरस्त्यांच्या कपाळावरचा शिक्का पुसला जात होता आणि तिकडे रोममध्ये ख्रिस्तसभा फिरस्त्या कुटुंबाला देवाच्या कुटुंबाची उपमा देत होती. पण कागदावरचा शिक्का पुसला गेला, तरी तो पोलीस पाटलाच्या, सावकाराच्या आणि आपल्या आजीच्या बोलण्यातून पुसला गेला नाही. पुढे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि व्यवहारात त्यांची नजर पुन्हा त्याच वस्त्यांकडे वळली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली आपला अहवाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदासंबंधीचा निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. कायदा जाऊन बहात्तर वर्षे लोटल्यावर हे सांगावे लागले.

पारध्यांची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. फासे लावून तितर, लावे, हरणे धरणे हा फासेपारध्यांचा व्यवसाय. शेतकरीही त्यांना बोलावीत, कारण हरणांचे कळप उभे पीक फस्त करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा गुन्हा झाला. तो कायदा आवश्यकच होता, असे आमचे मत आहे. परंतु ज्यांचे हात त्यामुळे रिकामे झाले, त्यांना दुसरे काम कोणी दिले नाही, जमीनही दिली नाही. शेतराखण, काटेतोड, लाकूडफाटा, मजुरी यांवर ते जगू लागले. गावात चोरी झाली की पहिली मोटार त्यांच्या पालाकडे जाते. ज्याला वर्षातून चार वेळा चौकशीला नेले जाते, त्याला कायमचे काम कोण देणार? काम नाही म्हणून संशय आणि संशय आहे म्हणून काम नाही, असे हे रहाटगाडगे आहे.

अफवा किती लवकर जीव घेते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे पाहिले. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार केले. त्यांतील बहुतेकजण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील होते. त्यांनी एकही मूल पळविलेले नव्हते. त्या जमावातील बहुतेकजण एरवी साधी, कष्टाळू, आपापल्या मुलाबाळांवर माया करणारी माणसे असतील.

आम्ही हे कोणत्या अधिकाराने लिहितो, असे कोणी विचारील. अधिकार नाही, अनुभव आहे आणि तो अभिमानाचा नाही. अनेक वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात सेवेस असताना, आवारातील जुने, पोखरलेले गुलमोहराचे झाड पाडण्यासाठी एक टोळी बोलावली होती. चार पुरुष, दोन स्त्रिया. दोन दिवसांत त्यांनी झाड असे उतरविले की शेजारच्या ग्रोटोवरील एक कौलही हलले नाही. पैसे देताना आम्ही घासाघीस केली, हेही सांगितले पाहिजे. पंधरा दिवसांनी विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. कार्यकारिणीच्या बैठकीत एकच वाक्य उच्चारले गेले: तीच माणसे. आम्ही काही बोललो नाही. तक्रार लिहिताना संशय कोणावर, या रकान्यापाशी आम्ही क्षणभर थांबलो आणि मग सांगितले की झाडतोडीची माणसे येऊन गेली होती. त्या चौघांना दोन दिवस बसवून ठेवण्यात आले. काही सापडले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांतील वयस्क गृहस्थ आमच्याकडे आले. आमच्यावर रागावण्यासाठी नव्हे, तर दोन दिवसांची मजुरी बुडाली, घरी पीठ नाही, काही काम असेल तर द्या, असे विचारण्यासाठी. ती मोटार आजपर्यंत मिळालेली नाही. कोणी नेली, ते आम्हाला ठाऊक नाही. पण आम्ही लिहून दिलेले ते वाक्य आम्हाला ठाऊक आहे आणि त्याविषयी आम्ही पापनिवेदनही केले आहे.

मग चोऱ्या होतच नाहीत काय, असा प्रश्न वाचक करतील आणि तो रास्त आहे. होतात. फिरत्या माणसांतही चोर असतात, जसे ते बंगल्यांत, कचेऱ्यांत आणि, क्षमा असावी, चर्चच्या हिशेबवहीच्या आसपासही असतात. एखाद्या बँकेत अपहार झाला, तर आपण बँकेत नोकरी करणाऱ्या साऱ्या जातभाईंना चौकीवर बसवीत नाही. चोर सापडला तर त्या चोराला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की, पुरावा मिळण्यापूर्वी आपले बोट कोणाकडे वळते.

आक्षेप आणखी एक असतो: हे लोक परवानगीशिवाय झाडे तोडतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायदा १९६४ चा आहे, शहरी भागांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. कोणते झाड परवानगीने तोडावयाचे, याचे नियम आहेत आणि परवानगी घेणे हे ज्याच्या जागेत झाड आहे त्याचे काम आहे, ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याचे नव्हे. प्रत्यक्षात मालक घरात असतो, व्यापारी वखारीत असतो आणि टेम्पोबरोबर सापडतो तो मजूर. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश यांना एकत्र ऐकण्यास सांगितले. झाडाचा कळवळा येऊन झाड तोडणाऱ्याला शिवी देणे, पण त्याच लाकडाचा कोळसा आणि फर्निचर निर्धास्त वापरणे, हे त्या शिकवणुकीत बसत नाही.

केवळ आपल्याच देशात असे आहे, असे नाही. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये ट्रॅव्हलर म्हणून ओळखला जाणारा एक फिरस्ता समाज आहे. त्यांतील पुष्कळ कुटुंबे श्रद्धाळू कॅथलिक आहेत आणि त्यांतील काहीजण दारोदारी जाऊन झाडे छाटण्याचे काम करतात. त्यांच्याविषयी तेथील कॅथलिक शेजाऱ्यांच्या तोंडची वाक्ये ऐकली, तर घोडनदीकाठच्या वाक्यांचा तो अनुवाद वाटावा. आयर्लंडच्या सरकारने २०१७ साली त्यांना स्वतंत्र वांशिक समाज म्हणून मान्यता दिली. पोप सहावे पॉल यांनी २६ सप्टेंबर १९६५ रोजी रोमजवळील पोमेझिया येथे युरोपातील जिप्सी यात्रेकरूंच्या छावणीत जाऊन त्यांची भेट घेतली आणि तुम्ही ख्रिस्तसभेच्या काठावर नाही, तिच्या अंतःकरणात आहात, अशा आशयाचे उद्गार काढले. स्पेनमधील जिप्सी घोडेव्यापारी सेफेरिनो हिमेनेझ माल्ला यांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी ४ मे १९९७ रोजी धन्यवादित घोषित केले. यादवी युद्धात एका धर्मगुरूची बाजू घेतली म्हणून ते पकडले गेले आणि जपमाळ सोडली नाही म्हणून मारले गेले. त्यांच्यावरही एकदा चोरीच्या जनावरांचा आळ आला होता आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले होते. आळ आल्याच्या दिवशी त्यांच्या शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल, त्याची कल्पना करणे कठीण नाही.

शिरूर-दौंड परिसरातील आपला समाज कोण आहे, हेही आठवावे. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. तेथील कॅथलिक कुटुंबे रेल्वेच्या नोकरीमागे गोव्याहून, दक्षिणेतून, कोठकोठून आलेली आहेत. रांजणगावच्या कारखान्यांत काम करणारे आपले अनेक तरुण अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, गावांचे आहेत. त्यांतील कित्येकांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात आणि त्यानंतरच्या काळात त्या भागातील पुष्कळ दलित कुटुंबांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. त्या पूर्वजांना पाणवठ्यावर येऊ दिले जात नसे. गावात काही हरवले की प्रथम त्यांनाच चावडीवर बोलावले जाई. ज्यांच्या पणजोबांनी चावडीच्या पायरीखाली उभे राहून आपण चोर नसल्याचे शपथेवर सांगितले, त्यांची पणतवंडे आज सोसायटीच्या फाटकावर उभी राहून दुसऱ्याला तेच विचारीत आहेत. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही.

जुन्या करारातील नियमशास्त्र परक्याविषयी पुन्हा पुन्हा बोलते आणि प्रत्येक वेळी कारण एकच देते: इस्राएल स्वतः इजिप्तमध्ये परका होता. अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायातील एक आज्ञा तर थेट आपल्या अंगणाशी येऊन ठेपते. गरीब मजूर आपल्यातला असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू परक्याच्या जागी स्वतःलाच उभे करतो, हे आपण दर वर्षी मिस्सेत ऐकतो. संत योसेफाला आपण सुतार म्हणून मान देतो, त्याचा सण १ मे रोजी साजरा करतो. त्याला लागणारे लाकूडही कोणीतरी तोडून आणले असणार.

तेव्हा धर्मग्रामात करता येण्याजोग्या गोष्टी कोणत्या? सांगण्यास साध्या आहेत. झाड तोडून घेण्यापूर्वी परवानगी आपण काढावी. मजुरी आधी ठरवावी आणि काम संपल्यावर मुकादमाच्या नव्हे, शक्य तर काम करणाऱ्याच्या हातात, त्याच दिवशी द्यावी. उंच झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला दोर आहे की नाही, हे मालकाने पाहावे. पडून जायबंदी झाल्यास काय, हे आधीच बोलून ठेवावे. पाणी आपल्याच घरातील तांब्यातून द्यावे. चोरी झाल्यास तक्रार वस्तूची करावी, जमातीची करू नये. कातकरी आणि फासेपारधी या महाराष्ट्रात अनुसूचित जमाती आहेत. त्यांना जातीवरून अपमानित करणे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, याचीही जाणीव असलेली बरी.

एका भीतीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या काही तरुणांनी आम्हाला सांगितले की, पालांवर जाण्याची इच्छा आहे, पण धर्मांतराचा आरोप होईल असे वाटते. ही भीती काल्पनिक नाही. तिच्यावर उपाय आहे तो पारदर्शकतेचा. एकटे जाऊ नये. गावातील शिक्षक, आशा कार्यकर्ती, ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य यांना बरोबर घ्यावे. औषध, पुस्तक, कपडा देताना प्रार्थनापत्रिका देऊ नये. भाकरीला अट जोडणे ख्रिस्तसभेच्याही शिकवणुकीत बसत नाही. आणि सर्वच काम आपण करावे असेही नाही. आदिवासी व भटक्या-विमुक्तांमध्ये वर्षानुवर्षे काम करणारे कार्यकर्ते जिल्ह्यात आहेत. त्यांच्या मागे उभे राहणे पुष्कळदा पुरते.

सर्वांत निकडीचा प्रश्न मुलांचा आहे. भट्टीवर आलेली मुले वाडीच्या शाळेच्या पटावर असतात आणि प्रत्यक्षात पोती धरीत असतात. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही शाळेत प्रवेश मिळाला पाहिजे आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून तो नाकारता येत नाही. ही गोष्ट कातकरी आईबापांना बहुधा ठाऊक नसते. कधी कधी मुख्याध्यापकांनाही तिची आठवण करून द्यावी लागते. रेशनकार्डावरील धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यातील दुकानातूनही उचलता येते. त्यासाठी आधार जोडलेले असावे लागते आणि दुकानदाराला ते मान्य करावयास लावणारे कोणीतरी सोबत असावे लागते. उचलीपोटी कोणाला अडवून ठेवले आहे, मारहाण होते आहे, कागद काढून घेतले आहेत असे आढळल्यास, स्वतः ठेकेदाराशी भांडावयास न जाता तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि एक प्रत आपल्या धर्मगुरूंकडे ठेवावी. अर्जात भट्टीचे ठिकाण, गट क्रमांक ठाऊक असल्यास तो, आणि तेथील मुलांची संख्या अवश्य लिहावी.